हमीपत्रावर सही बापाची, दरीत पडला मुलगा

पत्र

वकीलबाईंना सविनय नमस्कार.

आमचा मुलगा, वय २१, एका सार्वजनिक विद्यापीठाच्या भूगोल विभागात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. जानेवारीत विभागाची दोन दिवसांची क्षेत्रभेट होती. जायच्या आधी माझ्याकडून हमीपत्र भरून घेतलं : 'काही बरंवाईट झाल्यास विद्यापीठ जबाबदार राहणार नाही.' बेचाळीस मुलं, सोबत तासिका तत्त्वावरचे एक सर आणि एक शिपाई. दुसऱ्या दिवशी घाटमाथ्यावर एका स्थानिक आयोजकाकडून रॅपलिंग, म्हणजे दोराने कडा उतरणं, ठेवलं होतं. माणशी ३५० रुपये वर्गप्रतिनिधीने गोळा केले. हेल्मेटं सहाच होती. आमच्या मुलाच्या वेळी दोर सुटला आणि तो पंचवीसेक फूट खाली आला. टाचेचं हाड मोडलं, मणक्यालाही इजा झाली. मिरजेला दोन शस्त्रक्रिया झाल्या, आतापर्यंत ४ लाख ६० हजार खर्च आला आणि एक सत्र बुडालं.

विद्यापीठ म्हणतं, हमीपत्रावर तुमची सही आहे, मुलगा सज्ञान आहे, तो आपल्या मर्जीने उतरला, रॅपलिंग आमच्या कार्यक्रमात नव्हतं, आणि आम्ही सरकारी संस्था आहोत. विद्यार्थी कल्याण निधीतून २५ हजार देऊ करतात, पण 'पूर्ण व अंतिम' अशी पावती मागतात. सात महिने झाले. कोर्टात गेलो तर मुलाची डिग्री अडवतील अशी भीती वाटते. मुलगा म्हणतो, सरांविरुद्ध काही करायचं नाही, त्यांनीच मला उचलून वर आणलं. काय करावं?

एक वडील, सांगली जिल्हा

उत्तर

नमस्कार. आधी एक काम करा, किंवा खरं तर करू नका. त्या २५ हजारांच्या पावतीवर सही करू नका. पैसे घ्यायचे असतील तर 'औषधोपचारासाठी तात्पुरती मदत म्हणून, बाकीचे हक्क राखून' असं स्वतःच्या हाताने लिहून घ्या. तसं चालत नाही म्हणाले तर चेक परत करा आणि परत केल्याची पोच घ्या. त्या एका पावतीने पुढचं सगळं बंद होऊ शकतं. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

आता हमीपत्र. तीस वर्षांत मी अशी कित्येक हमीपत्रं पाहिली असतील. सगळ्यांचा मजकूर एकच, कारण सगळी कुठल्या तरी एकाच जुन्या झेरॉक्सची पिल्लं. तुमच्या प्रकरणात त्याची गंमत अशी आहे की मुलगा २१ वर्षांचा आहे. सज्ञान माणसाचे हक्क त्याच्या वडिलांना सही करून सोडता येत नाहीत. तुम्ही सही केलीत ती फार तर तुमच्यापुरती. विद्यापीठाने एकीकडे 'पालकाची परवानगी हवी' म्हणून तुमची सही घेतली आणि अंगाशी आल्यावर 'मुलगा सज्ञान आहे' म्हणून हात वर केले. या दोनपैकी एकच गोष्ट त्यांना म्हणता येईल. कुठली म्हणायची ते त्यांना ठरवू द्या. दोन्हींत त्यांची अडचण आहे.

समजा मुलाचीही सही आहे. त्यानेही फार काही बिघडत नाही. घाटात चालताना ठेच लागेल, पाय मुरगळेल, कडा उतरताना खरचटेल, इतपत धोका माणूस समजून उमजून पत्करतो आणि त्याबद्दल कुणाला जबाबदार धरता येत नाही. पण बेचाळीस मुलांना सहा हेल्मेटं असतील आणि दोर बांधणाऱ्याने गाठ तपासली नसेल, हा धोका त्याने पत्करलेला नाही. तो त्याला कुणी सांगितलेलाच नव्हता. भारतीय करार कायद्याच्या कलम २३ नुसार सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार रद्दबातल ठरतो. 'आम्ही कितीही निष्काळजी राहू, तुम्ही बोलायचं नाही' ही अट त्या कलमापुढे टिकवणं विद्यापीठाच्या वकिलाला अवघड जाईल.

'आम्ही सरकारी' हा मुद्दा माझ्या आवडीचा आहे, कारण त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. १९४७ साली मेरठमध्ये पोलिसांनी कस्तुरीलाल रलियाराम या सराफी पेढीचं सोनं ताब्यात घेतलं. ते पोलिसांच्या मालखान्यातून एका हेड कॉन्स्टेबलने लांबवलं आणि तो सरळ पाकिस्तानात गेला. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अटक आणि जप्ती हे सरकारचं सार्वभौम, म्हणजे फक्त सरकारनेच करायचं काम, त्यात झालेल्या चुकीची भरपाई सरकारकडून मिळणार नाही. पेढीला सोन्यापोटी काही मिळालं नाही. 'सरकारवर दावा चालत नाही' ही समजूत त्या निकालावर अजून जगते आहे. पण त्याच्या दोन वर्षं आधी, १९६२ मध्ये, उदयपूरच्या कलेक्टरची जीप दुरुस्तीहून परत नेताना ड्रायव्हरने एका पादचाऱ्याला धडक दिली आणि तो पादचारी दगावला, त्याच्या पत्नीच्या, विद्यावतीच्या, खटल्यात त्याच न्यायालयाने राजस्थान सरकारला भरपाई द्यायला लावली होती. १९९४ च्या नागेंद्र राव निकालानंतर तर सार्वभौम कामाचा पडदा फारच आखूड झाला. आणि मुळात भूगोलाच्या पोरांना घाटमाथ्यावर नेण्यात सार्वभौम ते काय? विद्यापीठ ही कायद्याने निर्माण झालेली स्वतंत्र संस्था आहे, ती स्वतःच्या नावाने दावा करते आणि तिच्यावरही दावा होतो. उलट ते सरकारी असल्याने तुम्हाला एक दार जास्तीचं मिळतं. संविधानाच्या कलम १२ खाली विद्यापीठ 'राज्य' या व्याख्येत येतं, म्हणून कलम २२६ खाली रिट याचिका करून थेट उच्च न्यायालयात जाता येतं. त्याकडे नंतर वळते.

तुमच्या दाव्याचा जीव एका प्रश्नात आहे : त्या सकाळी त्या कड्यापाशी मुलांना कोणी नेलं, आणि तिथे 'नाही' म्हणण्याचा अधिकार कोणाचा होता? मुलगा आपल्या मित्रांबरोबर रविवारी तिथे गेला असता आणि पडला असता, तर विद्यापीठाशी तुमचं काही भांडण नव्हतं. एकवीस वर्षांच्या माणसाचं विद्यापीठ काही आई-बाप नसतं, तो मोकळ्या वेळात काय करतो याला ते बांधील नाही. पण क्षेत्रभेट अभ्यासक्रमाचा भाग होती, हजेरी होती, गुण होते, बस विद्यापीठाची, सर विद्यापीठाचे. रॅपलिंग छापील कार्यक्रमात नसेलही. सरांच्या देखत पैसे गोळा झाले, गट पाडले गेले, मुलं ओळीने उतरली. ज्याच्या ताब्यात तो दिवस होता त्याच्यावर त्या दिवसाची काळजी घेण्याचं कर्तव्य येतं. कार्यक्रमात नव्हतं म्हणणं म्हणजे 'आमच्या माणसाने आम्हाला न विचारता केलं' असं म्हणणं, आणि नोकरीच्या ओघात नोकराने केलेल्या चुकीचा भार मालकावर येतो. नोकर तासिका तत्त्वावरचा असला तरी.

यातले दोन निकाल तुमच्या वकिलाला जरूर दाखवा. दोन्ही बियास नदीचे आहेत. पहिला १९९५ चा. पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियासच्या काठी गेली आणि १४ मुलं बुडाली. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे ५ लाख भरपाई दिली आणि २००१ मध्ये एम. एस. ग्रेवाल विरुद्ध दीपचंद सूद या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पालक दिवाणी दाव्याने न जाता रिट याचिकेने आले होते, तेही चाललं. पण ती लहान मुलं होती, आणि विद्यापीठाचा वकील हा फरक सांगणारच.

म्हणून दुसरा निकाल तुमच्या जास्त जवळचा. ८ जून २०१४ ला हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची सहल मंडी जिल्ह्यात थलौटजवळ नदीत उतरून फोटो काढत होती. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. ही कॉलेजातली मुलं होती, आपल्या पायांनी पाण्यात उतरलेली. तरीही जानेवारी २०१६ मध्ये हिमाचल उच्च न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाला व्याजासह २० लाख द्यायला सांगितले आणि भार वाटून दिला : वीज मंडळावर ६० टक्के, महाविद्यालयावर ३० टक्के, राज्य सरकारवर १० टक्के. 'चूक आयोजकाची, आमची नाही' या उत्तराला ही वाटणी हे उत्तर आहे. दोर आयोजकाचा होता, मान्य. म्हणून विद्यापीठाचा वाटा शून्य होत नाही, तो किती एवढंच न्यायालय ठरवतं. त्यात तुमच्या मुलाचाही वाटा निघू शकतो, हे आधीच सांगून ठेवते. 'हार्नेस (कमरेचा पट्टा) नीट लाव' असं सांगूनही त्याने ऐकलं नाही, असा पुरावा आला तर भरपाईतून तेवढे टक्के कापले जातील. त्याला एकांतात खरं काय ते विचारा आणि वकिलाला तेच सांगा.

आता मुदती, कारण तुमचे सात महिने गेले आहेत आणि मला तीच काळजी आहे. शारीरिक इजेच्या भरपाईच्या दाव्याला मुदत कायद्यात वेगळं कलम नाही, म्हणून अनुच्छेद ११३ ची तीन वर्षं धरतात. पण अनुच्छेद ७२ मध्ये, एखाद्या कायद्याला अनुसरून केलेल्या वा न केलेल्या कृत्याबद्दलच्या दाव्याला एकच वर्ष आहे. विद्यापीठ त्याच्या कायद्याखाली काम करतं, तेव्हा त्यांचा वकील ७२ वर बोट ठेवू शकतो. तो बरोबर की चूक हा वाद आपल्याला नकोच. वर्षाच्या आत दावा दाखल करा म्हणजे वाद उरत नाही. सरकारलाही प्रतिवादी करायचं झालं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. म्हणजे कुठलाच वाद नको असेल तर तुमच्या हातात तीन महिने आहेत असंच धरा, पाच नाहीत. आणि दावा मुलाच्या नावाने. तुम्ही सोबत उभे राहाल, पण वादी तो.

ग्राहक मंचात जा असं तुम्हाला दहा जण सांगतील. त्यांच्या सांगण्यात अर्धं तथ्य आहे. बेंगळुरूच्या एका शाळेच्या सहलीत आजारी पडून कायमची अंथरुणाला खिळलेल्या मुलीला २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लाख ७३ हजारांवर भरपाई पुन्हा बहाल केली, आणि ते प्रकरण ग्राहक आयोगातूनच आलं होतं. पण त्याआधी, जानेवारी २०२० मध्ये, मनू सोळंकी प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने सांगितलं आहे की शिक्षणसंस्था, त्यांच्या सहली, खेळ, पोहणं हे सगळं धरून, ग्राहक कायद्यात येत नाहीत. शिकवणी वर्ग तेवढे येतात. विद्यापीठाविरुद्ध या वाटेने गेलात तर पहिली दोन वर्षं 'आम्ही ग्राहक आहोत का' एवढ्यावरच जातील. मी तरी ते करणार नाही.

आयोजकाचं मात्र वेगळं. त्याने पैसे घेऊन सेवा दिली, त्याच्यावर ग्राहक तक्रार सरळ चालते. ती तुम्ही सांगलीत, म्हणजे मुलगा राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करू शकता, मुदत दोन वर्षं आणि एवढ्या छोट्या व्यवहाराला दाखल करण्याचं शुल्कही नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला सांगितलं आहे. हा गडी नोंदलेला होता का ते काढा. नसेल, तर नोंदणी न पाहता मुलं त्याच्या दोरावर सोडणाऱ्या विद्यापीठाबद्दलही तो पुरावाच झाला. फक्त एक, दिवाणी दाव्यात दोघांनाही प्रतिवादी करा. एकट्या आयोजकावर गेलात तर तो विद्यापीठाकडे बोट दाखवेल आणि ते बोट पाहायला विद्यापीठ तिथे नसेल. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

उच्च न्यायालयाच्या दाराबद्दल म्हटलं होतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं पीठ) बसतं आणि सांगली जिल्हा त्यात आहे, त्यामुळे विद्यापीठही याच टापूतलं असेल तर मुंबईच्या फेऱ्या नाहीत. पण रिटमध्ये साक्षी-उलटतपासणी सहसा होत नाही. दोर कसा सुटला, कोणी गाठ मारली, यावर वाद असेल तर न्यायाधीश म्हणतील, दिवाणी न्यायालयात जा. विद्यापीठाच्या चौकशी अहवालातच चूक मान्य असेल तर रिट उत्तम. म्हणून आधी तो अहवाल हाती येऊ द्या.

त्यासाठी उद्याच माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. क्षेत्रभेटीला मंजुरी देणारं पत्र, त्यासोबतचा कार्यक्रम, किती मुलांमागे किती शिक्षक हा नियम, अपघाताचा अहवाल, आणि विद्यार्थी विम्याची पॉलिसी, एवढं मागा. विम्याचं विसरू नका. मुलाच्या फीच्या पावतीत बारीक अक्षरात विम्याची रक्कम बहुधा कापलेली असते आणि घरात कुणाला पत्ता नसतो. उशीर झाला असला तरी विमा कंपनीला आजच लेखी कळवा. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या आवारातल्या आणि आवाराबाहेरच्या सुरक्षेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या वकिलाने समोर ठेवल्या की विद्यापीठाला काय करायला हवं होतं याचं माप न्यायालयाला आयतं मिळतं.

रुग्णालयातून एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची) नोंद आणि सगळी बिलं घ्या. मुलांच्या फोनमधले त्या दिवसाचे फोटो आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे ३५० रुपयांचे निरोप आजच उतरवून ठेवा. परीक्षा संपली की पोरं ग्रुप सोडतात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळेल तेव्हा त्यावरच्या टक्क्यांवर विसंबू नका. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समजावलं आहे की अवयवाचं अपंगत्व वेगळं आणि त्यामुळे कमाईवर येणारी गदा वेगळी. टाच गेलेला कारकून कामावर जाऊ शकतो. डोंगर चढून सर्वेक्षण करायचं स्वप्न पाहणाऱ्या भूगोलाच्या विद्यार्थ्याचं तसं नाही. ते मुलाने स्वतः न्यायालयाला सांगायला हवं. खर्चाच्या ४ लाख ६० हजारांत पुढची शस्त्रक्रिया, बुडालेलं सत्र, तुमच्या पत्नीने रुग्णालयात काढलेले दिवस आणि त्याच्या वेदनाही जमा करा.

डिग्री अडवतील ही भीती मी क्षुल्लक म्हणणार नाही. गुणपत्रिका 'छपाईत' अडकवणारे टेबल मी पाहिले आहेत. पण भरपाईचा दावा हे निकाल रोखायचं कारण होऊ शकत नाही. तसं झालं तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यापीठात तक्रार समिती आणि वर लोकपाल असतो, आणि कोल्हापूरच्या बेंचपुढे रिटही करता येते. बुडालेल्या सत्राची हजेरी माफ करून पुन्हा परीक्षेला बसू द्या, असा अर्ज मात्र आजच कुलसचिवांकडे द्या, आणि त्याचा दाव्याशी संबंध जोडू नका.

राहता राहिले सर. फौजदारी तक्रार करायची तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली करता येते, निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याबद्दल. पण त्यात पहिला आरोपी होणार तो तासिका तत्त्वावरचा तुमच्या मुलाचा सर. बेचाळीस मुलं एकट्या माणसाच्या गळ्यात घालून बस रवाना करणारी सही ज्याची, तो त्या तक्रारीत कुठेच येणार नाही. मुलगा म्हणतोय ते ऐका. सरांना वैयक्तिक प्रतिवादी करायचीही मला गरज दिसत नाही, पैसे विद्यापीठच देणार आहे.

उलट त्यांना एकदा घरी बोलवा, मुलालाच फोन करायला सांगा. साक्षीला या म्हणून लगेच गळ घालू नका, पुढच्या सत्राची नेमणूक त्यांच्या डोक्यावर टांगलेली असेल. फक्त एवढं विचारा : रॅपलिंगला हो म्हणण्याआधी त्यांनी विभागप्रमुखांना फोन केला होता का, आणि किती वाजता.